वादातले मुद्दे सॉफ्टवेअरवर मांडून खरंच काही फायदा होतो का?

होतो. आणि ज्यांनी तुम्हाला "नुसते डबे आणि बाण, टाइमपास आहे" असं सांगितलं, त्यांनी स्वतः एकदाही बसून असा नकाशा, म्हणजे वरच्या डब्यात दावा आणि खाली बाणांनी जोडलेली त्याची कारणं, काढलेला नसणार.

तुम्ही विचारलंय की दहा फाटे फुटलेल्या वादात सॉफ्टवेअर वापरावं का आणि कोणतं. कोणतं ते खाली सांगतो, आधी हे वाचा.

मी इंदूरचा. आमच्याकडे बीआरटीएसवरून, म्हणजे बससाठी वेगळी लेन राखलेल्या रस्त्यावरून, घराघरात भांडणं झालीयेत. २०१३ ला सुरू झालेला, निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, साधारण साडेअकरा किलोमीटर, मधली लेन आयबस नावाच्या सिटी बसची. २०२४ च्या नोव्हेंबरात मुख्यमंत्री मोहन यादवांनी तो काढायचं जाहीर केलं, २०२५ च्या फेब्रुवारीत हायकोर्टाचाही हुकूम आला आणि रेलिंग निघायला लागली. त्या सुमारास ताई-भाऊजी जेवायला आलेले. भाऊजी बोलायला जबरदस्त, ताईच्या लग्नापासून आमच्या घरात त्यांचंच खरं होतं कारण आवाज त्यांचा. म्हणाले, "पलासिया चौकात उभा राहून बघ, बसची लेन रिकामी आणि शेजारी गाड्या तुंबलेल्या, लेन काढली की जाम संपला!" सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी लॅपटॉप उघडला. वरच्या डब्यात त्यांचा दावा, "लेन काढल्याने जाम कमी होईल". खाली हिरव्यात त्यांचं कारण, "लेन बहुतेक वेळ रिकामी असते". आता यात एक साधा नियम आहे, दाव्यात जो शब्द आहे तो कारणांत कुठेतरी आला पाहिजे, आकाशातून पडायला नको. जाम कारणात कुठे आहे? नाही. म्हणजे मधे एक न बोललेलं गृहीतक आहे, आणि शोधलं तर ते हे निघतं की आज बसमध्ये बसलेली माणसं बस जाममध्ये अडकायला लागली तरी बसमध्येच बसतील. त्यातली बरीच जणं अॅक्टिवा काढून रस्त्यावर आली तर मिळालेली जागा भरली की! तो डबा टाकला आणि विचारलं, याच्याखाली काय लिहू?

भाऊजींनी विषय मेट्रोवर नेला. मी मेट्रोचा वेगळा डबा केला आणि दाखवलं की तो या दाव्याच्या खाली बसतच नाही, तो वेगळा प्रश्न आहे. मग म्हणाले, तू काय वकील झालास? पण बाबा चष्मा लावून स्क्रीनजवळ आले आणि म्हणाले, "हे कोणी मोजलंय का?" इतक्या वर्षांत भाऊजींच्या बोलण्यावर आमच्या घरात कोणी विचारलेला हा पहिला प्रश्न. माझ्या बाजूचा, बसच्या लेनमधून अँब्युलन्स लवकर जाते हा डबाही आकड्यावाचून रिकामाच होता, तोही तसाच ठेवला, लपवला नाही.

ही काही आजची टूम नाही. विगमोर नावाच्या अमेरिकन कायद्याच्या प्राध्यापकाने १९१३ मध्येच खटल्यातल्या पुराव्यांचे असे तक्ते छापले होते, सॉफ्टवेअर फार नंतर आलं.

तर कोणतं घ्यावं. खूप लोकांना एकत्र बसवायचं असेल तर किआलो ही वेबसाइट, फुकट आहे, बाजूने-विरुद्ध अशी फांदी फुटत जाते, पण दोन कारणं मिळून एक आधार बनतो हे त्यात नीट दाखवता येत नाही आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. त्यासाठी रॅशनाल (Rationale), पैसे पडतात. टाइप करायची सवय असेल तर आर्गडाऊन, साध्या टेक्स्टमध्ये लिहा, नकाशा तो काढतो. एआयकडून पहिला खर्डा करून घ्या हवं तर, पण कोणी न बोललेलं वाक्य तो बिनदिक्कत समोरच्याच्या तोंडी घालतो, म्हणून प्रत्येक डबा ज्याचा त्याला दाखवून "हेच म्हणायचंय ना?" विचारा.

आणि हो, खरं काय ते सॉफ्टवेअर सांगत नाही. किआलोवर लोक मुद्द्यांना व्होट देतात, तीही शेवटी मतंच. आकडे बाहेरून आणावे लागतात.

पण तुमच्याही घरात कोणी आवाजावर वाद जिंकत असेल तर त्याला बोलू देऊ नका, टाइप करायला लावा. भाऊजींनी बसच्या प्रवाशांचा आकडा आणला तर तो त्या रिकाम्या डब्यात मी स्वतः भरीन आणि माझा आक्षेप काढून टाकीन, हे त्यांना सांगून झालंय. आकडा अजून आलेला नाही.