पणजोबांवर ‘कोर्ट बसलं होतं’ म्हणतात, तर केस टाकू का?

नमस्कार ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पणजोबा कोरेगाव तालुक्यातले, ११० व्या मराठा पलटणीत शिपाई, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजचा इराक) कुट गावाच्या वेढ्यात होते, खूप उशिरा घरी आले आणि “कोर्ट बसलं होतं त्यांच्यावर, पळून आलेले” असं भावकीत आजही लग्नाकार्यात बोललं जातं. घरात कागद एकही नाही, फक्त एक मेडल आहे, आणि तुम्हाला केस करून नाव साफ करायचंय.

केस आत्ता नकोच. आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल, म्हणजे सैनिकांच्या प्रकरणांचं न्यायाधिकरण, २००७ च्या कायद्याने आलं, इंग्रजांच्या काळातल्या शिक्षेवर तिथे अपील चालणार नाही, कोणी फी घेऊन टाकून देतो म्हणालं तरी पैसे देऊ नका. भावकीवर बदनामी म्हणाल तर मयत माणसाचीही बदनामी होऊ शकते, न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे ते, पण घरच्यांना दुखवायच्या हेतूनेच बोलले हे दाखवावं लागतं आणि समोरचा वकील पहिल्याच तारखेला विचारणार की मग खरं काय घडलेलं? त्याचं उत्तर आज तुमच्याकडे नाही.

खरं सांगू का, मला ही पळून आल्याची गोष्ट पटत नाहीये. २९ एप्रिल १९१६ ला कुट पडलं, सुमारे १३ हजार लोक तुर्कांच्या कैदेत गेले, त्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या, मग कैदेतला माणूस उशिराच येणार ना? आणि शिपाई बेपत्ता झाला की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते, ती नुसती चौकशी, तिथे कुणाला शिक्षा होत नाही. घरातल्यांनी तेच कोर्टमार्शल, म्हणजे शिक्षा देणारा लष्करी खटला, समजलं असेल. मेडलची कड भिंगातून बघा, तिथे नंबर, नाव, पलटण कोरलेलं असतं. पळाल्याची शिक्षा झालेल्याची मेडलं सहसा जप्त व्हायची, त्यामुळे मेडल घरात असणं ही पणजोबांच्या बाजूची गोष्ट आहे, पण पुरावा म्हणून तेवढं पुरणार नाही.

खटला झालाच असेल तर बहुतेक समरी कोर्टमार्शल असणार, त्यात कमांडिंग ऑफिसर एकटाच कोर्ट आणि शिक्षा लगेच लागू. असल्या खटल्यांचे कागद कायमचे ठेवत नाहीत, म्हणून अर्जात फक्त “कोर्टमार्शलची फाइल” मागितलीत तर “उपलब्ध नाही” एवढंच उत्तर येईल. तुम्ही शीट रोल मागा, शिपायाच्या नोकरीचा आणि शिक्षांचा हिशोब त्यात असतो, सोबत लाँग रोलमधली, म्हणजे पलटणीतल्या शिपायांच्या नावांच्या रजिस्टरमधली, नोंदही मागा.

पहिला आरटीआय बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला. १९२२ मध्ये ११० वी पलटण ही ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली, दोन्ही नावं लिहा. फी १० रुपये, उत्तराला ३० दिवस. वैयक्तिक माहिती आहे म्हणून नाकारलं तर आरटीआय कायद्याचं कलम ८(३) दाखवा, २० वर्षांपेक्षा जुन्या गोष्टीला ती सबब चालत नाही, आणि ३० दिवसांत पहिलं अपील करा. नष्ट केलं म्हणाले तर कधी, कोणाच्या आदेशाने, ती नोंद मागा, कारण १९९३ च्या पब्लिक रेकॉर्ड्स अॅक्टप्रमाणे सरकारी कागद मनाला वाटेल तेव्हा नष्ट करता येत नाहीत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे ऑनलाइन पोर्टल घरबसल्या चाळा. लंडनला क्यू इथल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात कोर्टमार्शलची रजिस्टरं आहेत पण ती मुख्यतः गोऱ्या सैनिकांची, तिथे आधी पैसे घालवू नका.

ब्रिटनने पहिल्या महायुद्धातल्या शिक्षा झालेल्या सैनिकांना दिलेली माफी पणजोबांना लागू होते का, हेही तुम्ही विचारलंत. २००६ च्या त्यांच्या आर्म्ड फोर्सेस अॅक्टच्या कलम ३५९ मध्ये १९११ च्या इंडियन आर्मी अॅक्टखालचे शिपाईही धरलेत, पण ज्यांना मृत्युदंड दिला गेला फक्त त्यांच्यासाठी, आणि त्यातून भरपाई वगैरे काही मिळत नाही. तुमचे पणजोबा घरी आले, त्यांना ते लागू नाही.

शीट रोल आला आणि त्यात शिक्षा दिसली तर १९११ च्या कायद्याचं कुठलं कलम लावलंय ते मला कळवा. कलम २९ असेल तर ते पलटण सोडून पळणं, पण रजा संपल्यावर उशिरा हजर होणं हा पूर्ण वेगळा आणि हलका गुन्हा होता, आणि भावकीला काय उत्तर द्यायचं ते त्यावरच ठरेल.