पहिल्यांदा गाडीची बॅटरी बदलताय? आधी एवढं बघा

भाऊ, दुकानात जाण्याआधी बॅटरीच गेली आहे का ते तपासा. रात्रभर उभ्या गाडीत मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर बॅटरी भरलेली आहे. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ दिसतं. आकडा १२च्या घरातच अडकला तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग) बघा, नाहीतर नवी बॅटरीही उतरून जाईल. टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासा. कधी कधी तेवढ्यावरच भागतं.

बदलायचीच असेल तर जुन्या बॅटरीचा वरून फोटो काढा. सोबत तीन गोष्टी टिपून घ्या:

- अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता (लहान पेट्रोल गाडीला बहुधा ३५, डिझेलला बरेच जास्त)
- प्लस डावीकडे की उजवीकडे
- लांबी-रुंदी-उंची

नवशिके प्लसच्या बाजूलाच चुकतात. केबल पोचत नाही, ताणून बसवली तर पत्र्याला टेकून शॉर्ट होते. स्टार्ट-स्टॉपवाल्या (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होणाऱ्या) गाडीला साधी बॅटरी चालत नाही.

आपल्या जळगाव-भुसावळच्या उन्हात पाणी उडतं, प्लेटा लवकर गंजतात. म्हणून उत्पादनाची तारीख वाचा, तीन महिन्यांहून जुना माल घेऊ नका. वॉरंटीत फुकट बदलून मिळण्याचे महिने किती आणि नुसत्या सवलतीचे किती, हे विचारा. कार्डावर शिक्का घ्याच. जुनी बॅटरी परत देऊन किंमत कमी करून घ्या.

काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. आणि बॅटरी जागेवर धरणारा खालचा क्लॅम्प घट्ट आवळा, खड्ड्यांत हलली की प्लेटा तुटतात.