निकॉन असताना फुजी घेतोय, पहिली लेन्स कोणती घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निकॉन डी७५० कॅमेरा आणि त्याच्या २४-१२० एफ/४ व २००-५०० या दोन झूम लेन्स आहेत. (हे आकडे फोकल लेंग्थचे मिलिमीटर: लहान आकडा म्हणजे रुंद दृश्य, मोठा म्हणजे दूरचं जवळ. एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त.) वजनाला कंटाळून फुजीची एक्स-टी३० बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, घेताय. पैसे सध्या एकाच लेन्सपुरते आहेत. मग १८-५५ झूम घ्यावी, ३५ एफ/२ घ्यावी, की अडॅप्टर लावून जुन्याच लेन्स चालवाव्यात? तुम्हीही नाशिकचेच आहात, म्हणून इथल्याच हिशेबाने सांगतो.

मी तुमच्या जागी असतो तर तिन्ही सोडून २३ एफ/२ घेतली असती. आणि तुमच्या जागी मी होतोच, तेव्हा मात्र घेतली १८-५५.

घेताना कारणं पटण्यासारखी होती. बॉडीसोबत घेतली की स्वस्त पडते, सगळं एकाच लेन्समध्ये येतं, लेन्सही चांगली आहे. पण फुजीच्या लहान सेन्सरमुळे निकॉनशी तुलना करताना आकड्यांना साधारण दीडने गुणायचं, म्हणजे १८-५५ ची नजर २७ ते ८४. माझ्याकडे २४-१२० होतीच. घरात जे होतं तेच जरा लहान भांड्यात ओतून आणलं, इतकंच. मग दर वेळी निघताना दारात उभं राहून विचार: कोणता घेऊ? दहातल्या आठ वेळा ‘फोटो जरा बरे येतील’ म्हणून निकॉनच खांद्यावर. फुजी कपाटात.

‘फोटो जरा बरे’ हे नुसतं मनाचं नव्हतं. रामकुंडावरच्या संध्याकाळच्या आरतीचं उदाहरण घ्या. डी७५०चा सेन्सर क्षेत्रफळाने फुजीच्या सव्वादोन पटींहून थोडा मोठा. १८-५५ रुंद टोकाला एफ/२.८ देते, तेव्हा ती निकॉनवरच्या एफ/४ झूमच्या जेमतेम जवळ पोहोचते. झूम करत गेलात की तीही एफ/४ वर येते आणि तिथे लहान सेन्सर सरळ मागे पडतो. उलट एफ/२ म्हणजे एफ/४ च्या चौपट प्रकाश. निकॉनला जिथे आयएसओ (कमी प्रकाशात वाढवायचा आकडा, वाढला की फोटो खरबरीत होतो) ६४०० लागतो तिथे फुजीवर १६०० त काम भागतं, आणि लहान सेन्सरचा तोटा वजा करूनही तुम्ही थोडे पुढेच राहता. लहान बॉडीवर मंद झूम लावली तर वजन कमी झालं एवढाच फायदा. लहान बॉडीवर लहान, उजळ लेन्स लावली तर जुन्या कॅमेऱ्याला न जमणारं काहीतरी हातात येतं. (१८-५५ मधल्या स्टॅबिलायझेशनचं, म्हणजे हात हलला तरी फोटो न हलू देण्याच्या सोयीचं, कुणी सांगेल. ते देवळाच्या कळसाला चालतं, पुजाऱ्याच्या हातात फिरणाऱ्या आरतीला नाही.)

वजनाचं बघा. डी७५० आणि २४-१२० मिळून दीड किलोच्या वर. एक्स-टी३० आणि २३ एफ/२ मिळून साधारण ५६० ग्रॅम. भाजी आणायला गेलात तरी पिशवीत पडून राहील.

आता लेन्स ठरवायची कशी? सगळे सांगतात की जुने फोटो काढा आणि कोणत्या फोकल लेंग्थला जास्त आलेत ते मोजा. मला हे उलटं वाटतं. ते आकडे तुम्ही कॅमेरा नेलात त्या दिवसांचे. दुसरा कॅमेरा घेताय तो जिथे पहिला नेला नाहीत त्या दिवसांसाठी. तेव्हा मोबाईलची गॅलरी उघडा. माझ्यात निघालं ते असं: भांडी बाजारातली दुकानं, बुधवारच्या बाजारात पालाखाली बसलेल्या बायका, मिसळीच्या टेबलावर समोर बसलेला मित्र, पावसात गोदेला आलेलं पाणी बघायला जमलेली गर्दी. सगळं दोन-तीन हातांवरचं. पक्षी एकही नाही, कारण नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात मी मोबाईलवर फोटो काढायला जातच नाही.

२३ की ३५, हे घरबसल्या तपासता येतं, दुकानात जायचीही गरज नाही. तुमची २४-१२० ३५ वर ठेवा आणि झूमच्या रिंगवर चिकटपट्टी लावा. फुजीवर २३ लावल्यावर जे दिसेल, ते हेच. एक आठवडा काढा. पुढच्या आठवड्यात पट्टी ५० वर. ती झाली फुजीची ३५. सराफ बाजारात आणि पंचवटीच्या गल्ल्यांत ५० ला मागे सरकायला जागा उरत नाही, पाठीला भिंत नाहीतर कुणाची तरी स्कूटर लागते. म्हणून माझं मत २३ ला. पण तुमच्या गॅलरीत घरातली लहान मुलं आणि चेहरेच जास्त असतील, तर ३५ घ्या, त्यात चूक काही नाही.

अडॅप्टरचा नाद मात्र सोडा. मी तोही केलाय. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठून बोरा बाजारातून एक साधा अडॅप्टर आणला होता. निकॉनच्या माउंटपासून (लेन्स जिथे बसते त्या कडीपासून) सेन्सर ४६.५ मिमीवर, फुजीच्या १७.७ वर. मधले २८.८ मिमी भरून काढणारी ती एक पोकळ नळी. ऑटोफोकस गेला. २४-१२० ला अॅपर्चरची (प्रकाश आत सोडणारं भोक लहान-मोठं करायची) रिंग नाही, त्यामुळे ते अडॅप्टरच्या रिंगने अंदाजपंचे फिरवायचं. २००-५०० चं अॅपर्चर तर विजेवर चालतं, साध्या नळीला ते हलवताच येत नाही. शिवाय ७१० ग्रॅमची २४-१२० ३८३ ग्रॅमच्या बॉडीवर लावली की कॅमेरा कायम मान टाकून बसतो. वजनाला कंटाळून निघालो होतो ना आपण?

एकच लेन्स असण्याचा एक फायदा कुणी सांगत नाही. निकॉनची लेन्स ज्या दिशेने फिरवून बसते, त्या दिशेने फुजीची सुटते. वर्षानुवर्षं निकॉन वापरलेला हात ऐन घाईत उलटा फिरतो. मी गोदाघाटाच्या पायरीवर लेन्स ‘घट्ट’ करायला गेलो आणि ती हातात आली. खाली दगड होता. नशीब, दुसऱ्या हाताची ओंजळ तयार होती. लेन्स बदलायचीच नसेल तर हा प्रश्नच येत नाही.

२३ एफ/२ वर डब्ल्यूआर लिहिलेलं असतं, पाणी-धुळीपासून संरक्षण. ते वाचून रंगपंचमीला तिवंध्याच्या किंवा शनी चौकाच्या रहाडीजवळ, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदाजवळ, जाऊ नका. एक्स-टी३० च्या बॉडीला तसलं सीलिंग नाही आणि रहाडीचा रंग वरून, खालून, चारी बाजूंनी येतो.

२००-५०० विकून पैसे उभे करायचा विचार असेल तर थांबा. हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरजवळ चापडगावच्या बाजूला पाण्यावर रोहित पक्षी उतरले की फुजी आणि २३ घेऊन तुम्ही फक्त पाण्याचा फोटो काढाल. विकायचीच तर २४-१२० विका, पण चिकटपट्टीचे दोन आठवडे झाल्यावर.

२३ वापरलेली मिळाली तरी चालेल. मोबाईलचा टॉर्च मागून मारून समोरून आत बघा. जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर बुरशी आहे, कितीही स्वस्तात देत असला तरी परत द्या. आणि फोकसची रिंग फिरवून लेन्स ढिली वाटते म्हणून घाबरू नका. या लेन्सची रिंग मोटरला इशारा देते, काच थेट हलवत नाही, तेव्हा कॅमेरा चालू करूनच तपासा.