अनुभवाच्या दाखल्याचा मसुदा
रत्नागिरीच्या मासळी प्रक्रिया कारखान्यात शीतगृह सांभाळणाऱ्या तुमच्यासारख्या नवोदिताने अनुभवाच्या दाखल्यात ‘काम समाधानकारक होते’ एवढ्या वाक्यावर थांबू नये, कारण तुम्ही अमोनिया कॉम्प्रेसर (शीतगृह थंड ठेवणारे यंत्र) स्वतः चालवत होता की केवळ मदतनीस होता, हे पुढच्या मालकाला त्यावरून मुळीच कळत नाही. पदनाम, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख आणि प्रत्यक्ष जबाबदाऱ्या स्पष्ट लिहून घ्या. मासेमारीबंदीच्या काळात, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, काम थांबत असेल तर ‘हंगामी’ असा उल्लेख अवश्य असावा. कामातील खंड लपवलेला दाखला मला धोक्याचा वाटतो. मसुदा स्वतः लिहून नेल्यास सही लवकर मिळते, परंतु त्याआधी त्यातील तारखा भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींशी जुळवून पाहा.