गॅरेजवाला ‘हाफ इंजिन’ सांगतोय, पण आवाज टायमिंग चेनचाच आहे का? घरी काम होईल का?

तुमची 150 सीसीची बाइक, थ्रॉटल सोडला की डाव्या बाजूने खडखड, आणि गॅरेजवाल्याने गाडी स्टँडवर लावायच्या आतच ‘टायमिंग चेन गेली, हाफ इंजिन करावं लागेल’ असं सांगून टाकलं. टायमिंग चेन म्हणजे क्रँकवरून वर कॅमला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला, फिरवणारी साखळी, आणि हाफ इंजिन म्हणजे इंजिनचा वरचा भाग उघडून पिस्टन-रिंगांचं काम करणं. घरी ओळखता येईल का, दुरुस्त होईल का आणि खर्च किती, असं विचारलंय.

ओळखता नक्की येतं. दुरुस्ती बऱ्याचदा घरी होते. हाफ इंजिनचं मात्र टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) बाहेर काढून बघेपर्यंत नावच घेऊ नका. गाडी धूर सोडत नाही, ऑइल खात नाही, पिकअप आहे, मग पिस्टन-रिंगांना हात कशाला लावायचा?

मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात लेथवर काम करतो. माझ्याही 150 सीसीच्या गाडीला 45,000 किलोमीटरच्या पुढे असाच आवाज सुरू झाला. रविवारी उघडून बघू म्हणत होतो, तेवढ्यात आमचा साडू आला. त्याने दोनदा थ्रॉटल पिळला आणि निकाल दिला, “टॅपेट हाय ते, भावा. माझा माणूस हाय, धा मिन्टात गप करतो.” टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हच्या वरची फट लावायचा स्क्रू. मी कामावर असताना गाडी घेऊनही गेला. संध्याकाळी परत आणली तेव्हा वरची टिकटिक खरंच बंद झाली होती. साडू चहा पिऊन, मला चार शब्द सुनावून गेला.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी रडायला लागली. आयडलला गाडी मिस व्हायची, सायलेन्सरमधून मधूनच फटाके. आणि थ्रॉटल सोडल्यावरची खडखड होती तिथेच होती.

मग मी गाडी पार्किंगमध्ये घेऊन बसलो. रात्रभर थंड झालेलं इंजिन, मॅग्नेटवरची ‘टी’ खूण (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) खिडकीत आणली, कॅम स्प्रॉकेटची खूण जुळवली आणि एक्झॉस्टच्या टॅपेटमध्ये फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घालून बघितला. माझ्या गाडीला तिथे 0.10 मिलिमीटर लागतं. 0.10 चं पान गेलं नाही. 0.05 चं, म्हणजे माझ्या गेजमधलं सगळ्यात पातळ, तेसुद्धा टोकाला अडकून वाकलं. रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा भाग) हाताने हलवून बघितला तर खुळखुळ नावालासुद्धा नाही. त्या ‘माणसाने’ आवाज घालवायला टॅपेट आवळून ठेवले होते. असं केलं की व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हला थंड व्हायला सीटचाच आधार असतो, तो गेला की व्हॉल्व्ह जळतो. किंचित टिकटिकणारा टॅपेट कधीही परवडला. टॅपेट मॅन्युअलप्रमाणे लावले तशी गाडी एका बटणात सुरू व्हायला लागली.

आता खडखड. लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या, गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये सुरू ठेवा, टोक इंजिनला आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवा. टॅपेट हेड कव्हरवर ऐकू येतो, एका लयीत, आणि ती लय क्रँकच्या निम्मी असते कारण कॅम निम्म्याच वेगाने फिरतो. चेनला लय नसते. पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखी ती मधूनच वाजते, थ्रॉटल सोडताना जास्त, आणि सिलिंडरच्या ज्या बाजूने चेन वर जाते तिथे सगळ्यात स्पष्ट. क्लच दाबल्यावर आवाज कमी झाला तर दोष क्लचकडे शोधा, चेनच्या मागे लागू नका. आणि बेंड पाइप (सायलेन्सरकडे जाणारा) हेडला बसतो तिथली गॅस्केट फुटली तरी हुबेहूब टॅपेटसारखं वाजतं, त्यापायी कित्येक जण उगाच हेड उघडून बसतात.

माझा आवाज डावीकडे, ब्लॉकच्या मधोमध. माझ्या गाडीत ब्लॉकच्या मागे कार्बोरेटरच्या अडचणीत दोन बोल्टवर टेन्शनर बसलेला आहे. आधी त्याच्या मधला छोटा स्क्रू काढायचा, मग दोन्ही बोल्ट. बाहेर काढून त्याची दांडी अंगठ्याने दाबली. चांगल्या टेन्शनरची दांडी अंगठ्याने आत जात नाही, ती एकाच दिशेला चालते. माझी सरळ आत गेली आणि आतच राहिली. आतली स्प्रिंग तुटलेली. चेनला ताण द्यायला मागे कोणी नाही, मग ती गाइडवर (चेनला वाट दाखवणाऱ्या पट्टीवर) आपटणार नाही तर काय करणार?

नवीन टेन्शनर आणला. मागच्या भोकातून बारीक चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून उजवीकडे फिरवला की दांडी आत ओढली जाते. तशीच धरून, नवी गॅस्केट लावून बोल्ट आवळायचे, मग स्क्रू ड्रायव्हर सोडायचा. आत ‘टक’ ऐकू येतं, दांडी चेन-गाइडला जाऊन भिडते. काही गाड्यांत रॅचेटचा टेन्शनर असतो, तो खटका दाबून मागे घ्यायचा. पण बाहेर आलेली दांडी तशीच ठेवून बोल्टने ओढून बसवू नका, गाइड तुटेल. बसवल्यावर पान्याने क्रँक पुढच्या दिशेनेच दोन पूर्ण फेरे फिरवा, खुणा पुन्हा जुळतात का बघा, मगच सेल्फ. माझी खडखड गेली ती गेलीच.

साडूला हे मान्य नाही. आजतागायत नाही. कुणाचं बारसं असो की वास्तुशांत, पंगतीत तो सगळ्यांना सांगतो की आवाज ऑइल बदलल्यामुळे गेला, आणि त्याच्या गाडीत तो जाड 20डब्ल्यू-50 घालतो म्हणून त्याची गाडी बघा कशी गप आहे. मी टेन्शनर बदलला तेव्हा ऑइल बदललंच नव्हतं, हे मी त्याला डिपस्टिक दाखवून सांगितलंय. आणि जाड ऑइलचं म्हणाल तर, मॅन्युअलमध्ये 10डब्ल्यू-30 लिहिलेलं असताना जाड ओतलं की आवाज दबतो, झीज थांबत नाही. उलट सकाळच्या थंड इंजिनात ते वर कॅमपर्यंत उशिरा पोहोचतं. तुम्हालाही कोणी हा सल्ला देईलच, ऐकू नका. डब्यावर जासो एमए (ऑइलात बुडालेल्या क्लचच्या बाइकसाठीचा दर्जा) लिहिलेलं बघून घ्या, कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरायला लागतो.

टेन्शनर ठणठणीत निघाला पण दांडी जवळपास पूर्ण बाहेर आलेली असली, तर मात्र चेन खरंच ताणलीय. मग चेन, दोन्ही स्प्रॉकेट आणि गाइड एकत्र बदला, नुसती चेन टाकून पैसे वाचत नाहीत. बऱ्याच गाड्यांत चेन क्रँकवर मॅग्नेटच्या मागे असते, म्हणजे मॅग्नेट पुलर पाहिजे. तो नसेल तर हातोड्याने ठोकत बसू नका, ते काम गॅरेजवर द्या. त्यालाही हाफ इंजिन लागत नाही.

हे आधी सांगायला हवं होतं: टेन्शनर बाहेर असताना किक, सेल्फ काही मारू नका. चेन दातावरून उडाली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतो. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवून कान लावत बसू नका, धुराने जीव जातो. गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः उघडू नका. आणि हे सगळं एक सिलिंडरच्या बाइकचं आहे. कारमध्ये टेन्शनर बहुधा ऑइलच्या दाबावर चालतो, तिथे आधी ऑइलची लेव्हल आणि स्कॅनरवर पी0016 (क्रँक आणि कॅमचा मेळ बिघडल्याचा कोड) आहे का ते बघतात.

खर्चाचं गाडीगणिक बदलतं. टेन्शनर काहीशे रुपयांत येतो, चेन किट त्याहून महाग, कंपनीचाच पार्ट घ्या. गॅरेजवाल्याला तुमच्यासमोर टेन्शनर काढायला सांगा आणि दांडीवर अंगठा तुम्ही स्वतः दाबा. तो नाही म्हणाला तर गाडी घेऊन या.