‘जादा भाडं’ नव्हे, वरकड!

विचारणा अशी आहे: परदेशी जहाज कंपन्या आणि विमान कंपन्यांच्या जमाखर्चाची पाहणी करताना जी प्रश्नावली भरून घेतात, तिचं मराठी करायचं आहे. तर ‘रेव्हेन्यू’ला महसूल म्हणावं का, आणि ‘सरप्लस फ्रेट’ला ‘जादा भाडं’ चालेल का? विचारणारे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत लिहिताहेत, त्याबद्दल त्यांचं कौतुक. दोन्ही प्रश्नांना उत्तर मात्र ‘नाही’ असंच आहे.

आधी महसूल. ‘अमुक विमान कंपनीचा तिमाही महसूल वाढला’ हे वाक्य बातम्यांत इतकं ऐकू येतं की आता त्यात काही खटकतं हेही लोक विसरले. महसूल सरकारचा असतो. तलाठी, तहसीलदार, महसूलमंत्री ही त्याची माणसं. विमान कंपनी तिकिटं विकते, सातबारे देत नाही. कोणी म्हणेल, अरबीत ‘महसूल’ म्हणजे पदरात पडलेलं, अगदी शेतातलं पीकसुद्धा, मग कंपनीला का नको? कारण आपण अरबीत लिहीत नाही. मराठीत शब्द जिथे रुजला तिथला अर्थ खरा. आणि त्याच धातूचा खास वाहतुकीचा शब्द आपल्याकडे आहेच की: हशील. टपालाचं हशील, रेल्वेचं हशील. तो अडगळीत टाकून महसूल वापरायचा, ही कुठली हौस? (महसूल आणि वसूल ही सख्खी भावंडं असल्याचं एका व्याख्यानात ऐकलं. नाहीत. महसूल, तहसील, हशील यांचा अरबी धातू ह-स-ल. वसूलचा व-स-ल, म्हणजे पोहोचणं. नुसतं यमक जुळलं म्हणून सोयरीक होत नाही.)

प्रश्नावलीत ‘जमा’ आणि ‘खर्च’ लिहा, कोणाचं काही अडणार नाही. फक्त एक सांभाळा. मोगली दफ्तरात ‘जमा’ म्हणजे आकारलेली रक्कम आणि ‘हासिल’ म्हणजे प्रत्यक्ष हाती आलेली. आपल्या ‘जमाबंदी’त तो आकारणीचा अर्थ अजून जिवंत आहे. विमानाच्या हिशेबात हा फरक कामाचा आहे. तिकीट मार्चमध्ये विकलं आणि उतारू मेमध्ये उडाला, तर पैसे मार्चमध्ये आले तरी सेवा मेमध्ये दिली गेली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची व्यवहारतोलाची (म्हणजे देशाच्या परदेशांशी झालेल्या देण्याघेण्याच्या हिशेबाची) नियमपुस्तिका सेवा दिल्याच्या वेळी नोंद करायला सांगते. म्हणून प्रश्नावलीत ‘किती मिळाले’ एवढंच विचारून भागत नाही.

आता ‘जादा भाडं’. हे वाचून मी कपाळावर हात मारला. जादा भाडं म्हणजे गणपतीच्या दिवसांत कोकणात जाणाऱ्या खासगी बसचे मालक घेतात ते. ‘सरप्लस फ्रेट’ ही गोष्टच वेगळी. परदेशी जहाज न्हावा शेव्याला लागतं. त्याचा इथला एजंट भाडं रुपयांत गोळा करतो. त्यातूनच तो बंदराचं शुल्क, बंदरात जहाजाला वाट दाखवणारा पायलट, ओढून नेणारी टग बोट, माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, जहाजाला घेतलेलं तेल-पाणी आणि स्वतःचं कमिशन भागवतो. एवढं वजा जाऊन जे उरतं, ते परकीय चलनात मालकाकडे रवाना होतं. ते ‘सरप्लस’. पैसे कशासाठी परदेशी चालले हे सांगणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या हेतुसंकेतांत परदेशी जहाज कंपन्यांच्या अशा रवानगीला एस०२०१ हा स्वतंत्र संकेत आहे, आणि विमान कंपन्यांसाठी वेगळा. कोणाकडून काही जास्तीचं उकळलेलं नाही. याला मराठीत शब्द शोधायला फार लांब जावं लागत नाही. मार्क्सवर मराठीत लिहिणाऱ्यांनी ‘सरप्लस व्हॅल्यू’ला ‘वरकड मूल्य’ कधीच रूढ केलं आहे. वरकड भाडं म्हणा. ‘शिल्लक भाडं’ही चालेल, पण त्यातून येणं बाकी आहे असा भास होतो.

हा नुसता शब्दांचा कीस नाही, कारण पाहणीची सगळी गरज या वरकडातूनच निघते. बँकेला दिसते ती फक्त उरलेली रक्कम. समजा एजंटाने आयात मालाच्या भाड्याचे शंभर गोळा केले आणि साठ इथेच खर्चले, तर बँकेच्या कागदावर चाळीस. प्रत्यक्षात आपण शंभराची वाहतूक सेवा आयात केली आणि साठाची बंदरसेवा, तेल वगैरे निर्यात केलं. दोन्ही बाजू एकमेकींत विरून गेल्या. म्हणून सांख्यिकीवाल्यांना कंपनीला किंवा तिच्या एजंटाला गाठून जमा वेगळी आणि खर्च वेगळा विचारावा लागतो. अमेरिकेत आर्थिक आकडेवारी गोळा करणाऱ्या सरकारी ब्युरो ऑफ इकॉनॉमिक ॲनालिसिसने यासाठी चार फॉर्म ठेवले आहेत. परदेशी विमान कंपन्यांना दर तिमाहीला बीई-९, अमेरिकी विमान कंपन्यांना बीई-३७, अमेरिकी जहाज कंपन्यांना बीई-३०, आणि परदेशी जहाज कंपन्यांसाठी वर्षातून एकदा बीई-२९. गंमत या शेवटच्यात आहे. त्यात मुख्यतः खर्च विचारतात. भाड्याचा अंदाज कस्टम्सच्या कागदांवरून, आयात मालावर नोंदलेल्या वाहतूक आकारांवरून बांधता येतो. खर्च मात्र एजंटाशिवाय कोण सांगणार?

आणखी एक अट अनुवादकाने ध्यानात ठेवावी. भाडं आयातदार भरतो असं धरून चालतात, करारात काहीही लिहिलेलं असो. म्हणजे आपला आंबा दुबईला डॅनिश जहाजातून गेला तर ते भाडं दुबई आणि डेन्मार्क यांच्यातलं, आपल्या तोलात त्याला जागा नाही. उलट एखादं भारतीय जहाज ब्राझीलहून चीनला लोखंडाची माती घेऊन गेलं तर ते आपलं उत्पन्न, जरी त्याने मुंबईचं तोंड पाहिलेलं नसलं तरी.

आता मूळ मुद्दा, म्हणजे ‘फ्रेट’. प्रश्नात तो चोरपावलांनी आला आहे, पण खरी मजा तिथेच आहे. परिभाषा बनवणाऱ्यांना अशा वेळी हटकून ‘नौभाटक’ सुचतं. भाटक हा शब्द खराच आहे, आपलं भाडं त्यातूनच आलं: घोटकाचा घोडा, कटकाचं कडं, तसं भाटकाचं भाडं. भाडं हे भाण्ड, म्हणजे माल, यावरून आलं असं काही पंडित सांगतात, त्यांनी मधला अनुस्वार कुठे गेला तेही सांगावं. भाण्डातून भांडं आलं, भांडार आलं, भांडवल आलं. सगळीकडे अनुस्वार ठणठणीत आहे. भाड्यापाशीच त्याला काय झालं? पण भाटक आधीच भाडं होऊन घरोघरी गेला असताना त्याला पुन्हा सोवळं नेसवून बसवण्यात काय अर्थ?

आपल्या शेजारी गुजरातीत मालभाड्याला एक फार देखणा शब्द आहे: नूर. प्रकाशाचा नूर नव्हे. ग्रीकमध्ये ‘नाउस’ म्हणजे जहाज (संस्कृत ‘नौ’चा सख्खा भाऊ) आणि त्यावरून ‘नाउलॉन’ म्हणजे जहाजाचं भाडं. मृताच्या तोंडात जे नाणं ठेवत, पाताळातली नदी पार करून देणाऱ्या केरॉन नावाड्यासाठी, तेही नाउलॉनच. आपण वैतरणीसाठी गाय देतो, ते नाण्यावर भागवत. लॅटिनमध्ये तो ‘नाउलुम’ झाला, इ. स. ३०१ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशिअनने वस्तूंच्या कमाल किमती ठरवून दिल्या तेव्हा समुद्रमार्गांवरच्या भाड्यालाही मर्यादा घातली. इटालियनमध्ये ‘नोलो’, आणि त्यावरून ‘नोलेज्यो’. इटलीत भाड्याच्या मोटारींच्या दुकानांवर जी पाटी दिसते ती हीच. तुर्कीत ‘नावलून’, अरबीत ‘नौल’ आणि ‘नौलून’.

इथून पुढे माझं मत. अरबी नौल खंबायत-सुरतेच्या बंदरांत आला आणि त्याचा नूर झाला. ल आणि र यांची अदलाबदल आपल्याकडे नवी नाही. संस्कृतात नारिकेल आणि नालिकेर दोन्ही आहेत. दाभोळ आणि चौल ही अरब जहाजांची नेहमीची बंदरं, तेव्हा हा शब्द कोकणच्या किनाऱ्यालाही नक्की लागला असणार. यावर एका विद्वान मित्राचं म्हणणं, नूर थेट संस्कृत ‘नौ’वरूनच आला, अरबांची मध्यस्थी कशाला? त्यांना मी विचारलं, मग तो शेवटचा ‘र’ कोणत्या प्रत्ययाचा? उत्तर अजून यायचं आहे. देशभक्ती चांगली गोष्ट आहे, पण ती प्रत्यय पुरवत नाही. माझ्या हिशेबाने नौ इथून हलला नाही, आणि त्याचा ग्रीक पुतण्या अलेक्झांड्रिया, एडन करत व्यापाराच्या वह्यांतून इथे येऊन राहिला.

‘विमानाला नावेचा शब्द कसा चालेल?’ ही शंकाही कोणी काढेल. कॅनडात क्वेबेकच्या फ्रेंचमध्ये चार्टर विमानाच्या फेरीला ‘व्हॉल नोलिझे’ म्हणतात. तेच नाउलॉन, आता आकाशात. खुद्द ‘जहाज’ तरी कुठे पाण्यातलं? अरबीत त्याचा अर्थ साहित्य-सरंजाम. आणि इंग्रजांचा ‘फ्रेट’ तर डच-जर्मन बाजूचा, त्याचा मूळ अर्थच कमाई. म्हणजे ‘फ्रेट रेव्हेन्यू’ म्हणजे कमाईची कमाई, आणि लोक माझ्या वरकडाला हसतात.

संस्कृतचाच आग्रह असेल तर नौभाटकापेक्षा ‘तर’ पाहा. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात नदी ओलांडण्याचे दर दिले आहेत: रिकामी गाडी एक पण (पण म्हणजे तेव्हाचं नाणं), ओझंवाला माणूस अर्धा पण. या आकाराला तिथे ‘तर’ म्हटलं आहे. पुढे म्हटलंय की लांबच्या प्रवासाला ठिकाण आणि काळ पाहून ‘तर’ ठरवावा, पण हे नदीपुरतं. ‘समुद्रे नास्ति लक्षणम्’. समुद्रात दराचा नियम सांगता येत नाही. अंतर गुणिले दर करून भाडं काढता आलं असतं तर बीई-३० छापायची वेळच आली नसती. कोकणात ‘तर’ म्हटलं की खाडी ओलांडणारी होडी, भाड्याचं नाव वाहनाने बळकावलेलं. आणि ‘प्रवासी’च्या आक्रमणात मागे पडलेला उतारूही याच धातूचा, तो प्रश्नावलीत जरूर घ्या, ‘उतारूभाडं’ म्हणून. आडनावासारखं ‘पॅसेंजर’ चिकटवू नका.

राहिला ‘फ्रेट’. नूर लिहा असं मी म्हणेन, विद्यार्थ्यांना परीक्षेत अडचण होईल असं तुम्ही म्हणाल, तर मालभाडं लिहा आणि खाली तळटीपेत नूर द्या. खर्चाच्या रकान्यांत मात्र ‘इंधन व सेवा’ असा एकच मथळा करू नका. नियमपुस्तिकेच्या २००९च्या सहाव्या आवृत्तीनुसार बंदरात घेतलेलं तेल आणि शिधा हा माल आहे, सेवा नाही. बंदरशुल्क आणि हमाली या सेवा. मूळ प्रश्नावलीत ते रकाने वेगळे असतील तर मराठीतही वेगळेच राहू द्या.