जनुकं ‘मोबाईल’ की जंगम?

फोंड्याच्या एका विज्ञान शिक्षिकेचा प्रश्न: शाळेच्या हस्तलिखितासाठी डासांच्या शरीरात राहणाऱ्या वोल्बाकिया जिवाणूंवर लेख लिहितेय. या जिवाणूंत जागा बदलणारे डीएनएचे तुकडे पुष्कळ असतात. संगणकानं त्यांचं भाषांतर ‘मोबाईल अनुवांशिक घटक’ असं केलं. ‘उडती जनुकं’ म्हणू का? आणि ‘सहजीवी’ शब्द चालेल का?

बाई, आधी त्या ‘अनुवांशिक’चं बघू. ‘इक’ लागला की पहिला स्वर वाढतो. समाजाचं सामाजिक होतं, तसं अनुवंशाचं आनुवंशिक. ‘व’वरचा काना आगंतुक आहे; पण तो इतक्या ठिकाणी छापला गेलाय की बरोबर लिहिणाऱ्याचंच चुकलं असं वाटतं.

‘उडती जनुकं’ गोड आहे आणि मक्याच्या बाबतीत शोभतोही. अमेरिकन शास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांना १९४०च्या दशकात मक्याच्या ठिपकेदार दाण्यांवरून कळलं की डीएनएचे काही तुकडे जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतात. नोबेल मिळायला १९८३ उजाडलं. पण वोल्बाकियाचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. हा जिवाणू हर्टिग आणि वोल्बाक यांना १९२४मध्ये क्युलेक्स डासात दिसला. तो पेशीच्या आतच जगतो आणि आईकडून अंड्यावाटे पुढच्या पिढीत जातो. असे कोंडून राहणारे जिवाणू सहसा असले तुकडे गमावून बसतात; मावा किडीतल्या बुखनेरा जिवाणूत ते जवळजवळ उरलेलेच नाहीत. वोल्बाकियात मात्र गर्दी! एकाच डीएनएत इथून तिथे जाणारे तुकडे आहेत, एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणारा डब्ल्यूओ नावाचा विषाणू आहे, आणि क्युलेक्समधल्या वोल्बाकियात २०१९मध्ये प्लाझ्मिडसारखं, म्हणजे मुख्य डीएनएपासून वेगळं राहणारं, डीएनएचं एक छोटं वर्तुळही सापडलं. ‘उडती’ यातल्या पहिल्यालाच लागू पडतं. शिवाय प्लाझ्मिड म्हणजे एक जनुक नव्हे, तेव्हा ‘जनुकं’ही तोकडं पडतं.

माझं मत ‘जंगम’ला. स्थावर-जंगम मालमत्ता आपल्याला ठाऊक आहे, आणि गोव्यात वाटणीची इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी, ज्यानं पाहिली त्याला तर फारच. ‘जंगम’ म्हणजे हलणारं किंवा हलवता येणारं. कसं हलतं याबद्दल शब्द गप्प. म्हणून तो तिघांनाही पोटात घेतो. गंमत म्हणजे लॅटिन ‘मोबिलिस’चा अर्थही हाच. पोर्तुगीजांनी त्यातूनच घरच्या खुर्च्या-टेबलांना ‘मोबिलिया’ म्हटलं; फोनच्या नशिबी तो शब्द फार उशिरा आला.

मला सगळ्यात आवडतं ते या शब्दाचं पोट. ‘जंगम’ हा ‘गम्’ (जाणे) धातूच्या द्वित्वापासून बनलाय: जं-गम, पुन्हा पुन्हा जाणारं. शब्दातच धातूची प्रत निघालीय! यातले काही तुकडे नेमकं हेच करतात, मूळ जागी राहून स्वतःची प्रत दुसरीकडे चिकटवतात. घंटा वाजवत दारोदार येणारे लिंगायत जंगम मुलांना आठवले तरी बिघडत नाही, तेही फिरणारेच.

तेव्हा ‘जंगम डीएनए’, आणि अशा सगळ्या तुकड्यांना मिळून ‘जंगमसंच’. पाचवीच्या मुलांना ‘फिरता डीएनए’ सांगा. फिरतं वाचनालय त्यांना माहीत असतं.

‘सहजीवी’ बेलाशक वापरा. त्यात एकमेकांचं भलं असायलाच हवं, हा समज सहजीवनाच्या लग्नपत्रिकी वासामुळे झालाय. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ द बारी यांनी १८७९मध्ये ‘सिम्बायोसिस’ ही मूळ संज्ञा मांडली ती भिन्न जातींच्या जिवांनी एकत्र राहण्यापुरतीच. मला तर ‘मुंडकार’ सुचला होता: डास भाटकार, म्हणजे जमीनमालक, आणि वोल्बाकिया त्याच्या जागेत राहणारा. पण हा मुंडकार भाटकाराच्या घरातली लग्नं ठरवतो. वोल्बाकिया असलेला नर आणि नसलेली मादी यांची अंडी सहसा उबतच नाहीत. ही करामत करणारी जनुकं डब्ल्यूओ विषाणूच्या डीएनएत बसलेली आहेत, हे २०१७मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे मुंडकाराची सत्ताही त्याच्या जंगम सामानातली. उपमा इथवर ताणली की मोडते, म्हणून लेखात नको. वर्गात तोंडी चालेल.

आणि एखाद्या पोरानं डासाला कोंकणीतला ‘जळार’ लिहिलं तर खोडू नका.